समानुभूती शिकवायची, पण मोजायची कशी?

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचा विषय ठरलाय: ‘एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांमध्ये समानुभूती वाढवण्यासाठी घेतलेल्या कार्यशाळेची परिणामकारकता’. आराखडा सोपा वाटतो. शंभर विद्यार्थी घ्यायचे, त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची, दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आणि मग तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. सरासरी वाढली आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, की लिहून टाकायचं: कार्यशाळा परिणामकारक आहे.

आता व्हायवाला बसलेले परीक्षक एकच प्रश्न विचारतात. “या शंभर जणांपैकी एकाच्या तरी पेशंटला काही फरक जाणवला का?”

तुमच्याकडे उत्तर नसतं, कारण पेशंटला तुम्ही काही विचारलेलंच नसतं.

मी डॉक्टर नाही, विज्ञान शाखेतली आहे. आमच्या लॅबमध्ये पीएच मीटर वापरण्याआधी तो ४, ७ आणि ९.२ पीएचच्या बफर द्रावणांत बुडवून कॅलिब्रेट करतात. मीटर चुकीचा असेल तर पुढचे सगळे आकडे फुकट. समानुभूतीसाठी असं बफर द्रावण बाटलीत मिळत नाही. म्हणूनच ‘मोजायचं कशानं?’ हा प्रश्न शिकायला हा विषय मला फार चांगला वाटतो. डॉक्टरांनी पेशंटला समजून घ्यावं यावर कोणाचंच दुमत नाही, आणि ज्यावर सगळ्यांचं एकमत असतं तिथे पुरावा तपासायचा राहून जातो.

आधी शब्द नक्की करा

सहानुभूती आणि समानुभूती हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. संशोधनात तसं चालत नाही. पेशंटचं दुःख बघून आपल्याला वाईट वाटणं ही सहानुभूती. त्याच्या जागी उभं राहून त्याला काय वाटतंय हे ओळखणं, आणि आपल्याला ते कळलंय हे त्याच्यापर्यंत पोचवणं, ही समानुभूती.

या व्याख्येत तीन कामं आहेत, हे लक्षात घ्या: ओळखणं, समजणं आणि पोचवणं. एखादा इंटर्न मनातून कळवळतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. दुसरा “मला समजतंय हं तुम्हाला काय वाटतंय” असं छान म्हणतो, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. दोघांपैकी समानुभूती कोणाकडे? तुम्ही तिन्हींपैकी कोणतं काम मोजताय यावर उत्तर बदलेल. संशोधनाच्या भाषेत याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. ती सिनॉप्सिसच्या पहिल्या दोन पानांत आली नाही, तर पुढचं सगळं हवेत राहतं.

आजवर हे मोजायला साधारण चार मोजपट्ट्या वापरल्या गेल्या आहेत. एकेक बघू.

पहिली मोजपट्टी: विद्यार्थ्यालाच विचारा

सर्वात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे जेफरसन स्केल ऑफ एम्पथी, थोडक्यात जेएसई. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जेफरसन मेडिकल कॉलेजमध्ये मोहम्मदरेझा होजत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. २० विधानं, प्रत्येकापुढे १ ते ७ असे पर्याय, म्हणजे एकूण गुण २० ते १४०.

याच गटाचा २००९ चा अभ्यास खूप गाजला. मेडिकलला २००२ आणि २००४ मध्ये प्रवेश घेतलेल्या ४५६ विद्यार्थ्यांना सुरुवातीला आणि मग प्रत्येक वर्षाच्या शेवटी ही प्रश्नावली दिली. पहिली दोन वर्षं गुण जवळपास स्थिर राहिले. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ते घसरले आणि पदवीपर्यंत पुन्हा वर आले नाहीत. तिथे तिसरं वर्ष म्हणजे विद्यार्थी वर्गातून वॉर्डात जातात ते वर्ष. ज्या वर्षी खरे पेशंट भेटतात, त्याच वर्षी समानुभूती ओसरते! निष्कर्ष चटका लावणारा होता, आणि त्यावरून जगभर चर्चा झाली. २०११ मध्ये जर्मनीतल्या मेलानी न्यूमन आणि सहकाऱ्यांनी असे १८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बहुतेकांत घसरणच दिसली.

आता वाचकाच्या खुर्चीतून उठून परीक्षकाच्या खुर्चीत बसा. ४५६ पैकी पाचही वेळा प्रश्नावली भरलेले, एकमेकांशी जुळवता आलेले विद्यार्थी होते १२१. उरलेले ३३५ मधल्या एखाद्या तरी टप्प्यावर गळले. संशोधकांनी दोन्ही गट वेगवेगळे तपासले, हे त्यांनी चांगलंच केलं. पण तुमच्या अभ्यासात अशी गळती झाली, तर गळणारे कोण होते हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. सर्वात थकलेले? की ज्यांना हा सगळा प्रकारच निरर्थक वाटला ते?

२०१० मध्ये जेरी कॉलिव्हर आणि सहकाऱ्यांनी हीच बाजू धरून अशा ११ अभ्यासांची फेरतपासणी केली. त्यांचं म्हणणं असं की सरासरी घसरण मूळ पट्टीवर जेमतेम ०.२ इतकी आहे आणि बऱ्याच अभ्यासांत प्रतिसादाचं प्रमाण कमी आहे, तेव्हा घसरणीचा गाजावाजा पुराव्यापेक्षा मोठा झालाय. ०.२ म्हणजे किती? २० प्रश्नांच्या जेएसईवर हिशोब केला तर १४० पैकी साधारण ४ गुण. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक ‘सिग्निफिकंट’ असू शकतो. पण ४ गुणांनी कमी असलेला डॉक्टर पेशंटशी वेगळा वागतो का, हे पी-व्हॅल्यू सांगत नाही.

शिवाय मूळ अडचण उरतेच. आपण किती समानुभूत आहोत हे आपणच सांगतोय. डॉक्टर स्वतःचं मूल्यमापन किती अचूक करतात यावर २००६ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी एक आढावा प्रसिद्ध केला. तो समानुभूतीपुरता नव्हता, एकूण क्षमतांबद्दल होता. स्वतःचं मत आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांच्या २० तुलना त्यांनी पाहिल्या. त्यातल्या १३ मध्ये दोघांचा संबंध फारच थोडा होता, नव्हताच, किंवा चक्क उलटा होता.

आणखी एक गंमत बघा. समानुभूतीच्या कार्यशाळेतून नुकत्याच बाहेर आलेल्या विद्यार्थ्याला ‘पेशंटच्या भावना समजून घेणं महत्त्वाचं आहे का?’ असं विचारलं, तर तो ‘नाही’ कशाला म्हणेल? सरांना काय ऐकायचंय हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला बालवाडीपासून कळतं.

दुसरी मोजपट्टी: बघणाऱ्याला विचारा

मग विद्यार्थी काय म्हणतो ते सोडा, काय करतो ते बघा. यासाठी दोन शोध कामी आले. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला पेशंटची भूमिका करायला शिकवलं आणि त्याच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी ओस्की या परीक्षापद्धतीवर लेख लिहिला. एकेका टेबलावर ठरावीक मिनिटं, ठरावीक काम, आणि परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. आज आपल्याकडच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनाही ओस्की पाठ असते.

इथे उत्तर खरं-खोटं करण्याची सोय कमी. पण चेकलिस्टवर ‘नाव विचारलं, नजरेला नजर दिली, दिलासा देणारं वाक्य बोलला’ असे रकाने असले, की विद्यार्थी रकान्यांसाठी बोलायला शिकतो. वाईट बातमी ऐकून समोरचा माणूस सुन्न झालेला असताना पाठ केलेलं वाक्य टाकून मोकळं होणं, हे न बोलण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. चेकलिस्टला त्यातला फरक कळत नाही.

म्हणून काही संशोधकांनी खऱ्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकलं. १९८४ चा बेकमन आणि फ्रँकेल यांचा अभ्यास तुम्ही ऐकला असेल. ७४ भेटींपैकी फक्त २३ टक्के वेळा पेशंटला आपलं पहिलं म्हणणं पूर्ण करता आलं, आणि डॉक्टर सरासरी १८ सेकंदांनी मध्ये बोलले. संशोधनाच्या आराखड्याच्या दृष्टीनं मला त्याहून आवडतो तो वेंडी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास. त्यांनी ‘समानुभूती’ असं मोठं काही मोजलंच नाही. पेशंट बोलता बोलता मनातलं काही सुचवून जातो, तेवढ्याच जागा त्यांनी शोधल्या.

आपल्याकडचं उदाहरण कल्पून बघा. मधुमेहाचा पेशंट म्हणतो, “आई गेल्यापासून घरात जेवणाचं काही खरं नाही, डॉक्टर.” आणि डॉक्टर विचारतात, “गोळी जेवणाआधी घेता की नंतर?” पेशंटनं दार किलकिलं केलं होतं, ते डॉक्टरांनी न बघताच लावून घेतलं. लेव्हिन्सन यांनी तपासलेल्या ११६ भेटींपैकी निम्म्याहून थोड्या जास्त भेटींत अशा जागा आल्या होत्या. त्यांना नीट प्रतिसाद देण्याचं प्रमाण सर्जनांमध्ये ३८ टक्के होतं आणि प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये २१ टक्के.

सर्वात महत्त्वाचा आकडा वेळेचा. ‘एवढं ऐकत बसायला वेळ कुणाला आहे?’ हा नेहमीचा आक्षेप. पण प्राथमिक उपचारांच्या भेटींत जिथे ही जागा हुकली, त्या भेटी सरासरी २०.१ मिनिटं चालल्या, आणि जिथे निदान एकदा तरी प्रतिसाद मिळाला, त्या १७.६ मिनिटं. एका वाक्यानं भेट लांबत नाही, एवढं तरी यातून दिसतं. भेट त्यामुळेच आटोपशीर झाली असं मात्र म्हणू नका, कारण गुंतागुंतीच्या भेटी मुळातच लांबतात आणि त्यांत जागाही जास्त हुकतात, असंही असू शकतं.

तिसरी मोजपट्टी: पेशंटला विचारा

स्कॉटलंडमधले स्ट्युअर्ट मर्सर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केअर नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. १० प्रश्न, आणि ते पेशंट भरतो: डॉक्टरांनी तुम्हाला मोकळेपणी बोलू दिलं का, खरोखर ऐकून घेतलं का, अशा प्रकारचे.

तीच मोजपट्टी वापरून हेलन रीस आणि सहकाऱ्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एक प्रयोग केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९९ निवासी डॉक्टरांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला तासाभराची तीन सत्रं दिली. त्यात चेहऱ्यावरचे भाव कसे वाचायचे, अवघड संवादात आपल्याच शरीरात काय होतं, हे शिकवलं. दुसऱ्या गटाचं नेहमीचं प्रशिक्षण चालू राहिलं. पेशंटनी दिलेल्या गुणांत दोन गटांमध्ये २.२ गुणांचा फरक पडला.

फरक लहान आहे, पण त्याची रचना बघा. शिकवलेल्या गटाचे गुण किंचित वाढले, आणि न शिकवलेल्या गटाचे गुण त्याच काळात उतरले. कंट्रोल ग्रुप नसता तर संशोधकांना ‘०.७ नं वाढ’ एवढंच दिसलं असतं आणि कार्यशाळा फुसकी ठरली असती. त्या मधल्या काळात वॉर्डमध्ये राहूनच समानुभूती झिजत होती, हे फक्त दुसऱ्या गटामुळे कळलं. प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट आणि एकच गट, हा आराखडा तुमच्या डोक्यात असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

चौथी मोजपट्टी: आजाराला विचारा

शेवटी पेशंट बरा होतो का? इटलीतल्या पार्मा इथे २४२ डॉक्टरांनी जेएसई भरली. त्यांच्याकडच्या मधुमेहाच्या २०,९६१ पेशंटपैकी किती जणांना तीव्र गुंतागुंत होऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, हे तपासलं गेलं. जास्त गुण असलेल्या डॉक्टरांकडे हे प्रमाण हजारी ४.० होतं. मध्यम गुणांच्या डॉक्टरांकडे ७.१ आणि कमी गुणांच्या डॉक्टरांकडे ६.५.

या आकड्यांत तीन धडे आहेत. एक, ज्या स्वतः भरायच्या प्रश्नावलीवर आपण वर टीका केली, तिचाच पेशंटच्या तब्येतीशी संबंध दिसतोय, म्हणजे ती अगदी टाकाऊ नाही. दोन, मध्यम गट कमी गटापेक्षाही मागे आहे. ‘समानुभूती जितकी जास्त तितकं बरं’ अशी सरळ चढती पायरी इथे नाही, आणि तुमच्या आलेखातही असं काही आलं तर ते झाकू नका. तीन, हा सहसंबंध आहे. चांगला डॉक्टर कदाचित इतर बाबतींतही नीटनेटका असेल. कार्यशाळा घेतल्यानं गुंतागुंत कमी होईल, असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही.

आपल्याकडे काय?

भारतात २०१९ च्या एमबीबीएस बॅचपासून ‘ॲटकॉम’ हा भाग अभ्यासक्रमात आहे: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. एकूण २७ मोड्यूल, चारही टप्प्यांत विभागलेले. पहिल्या वर्षी ‘पेशंट असणं म्हणजे काय’ हे शिकायचं असतं आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा पहिला शिक्षक मानायचा असतो. म्हणजे शिकवणं सुरू झालंय. ते पेशंटपर्यंत पोचतंय का, हे शोधायला तुमच्यासारख्यांना भरपूर जागा आहे.

फक्त परदेशी प्रश्नावली उचलून आणू नका. केअर मराठीत करायची तर नुसतं भाषांतर पुरणार नाही. दुसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या, मूळ प्रश्नाशी ताडून बघा, आणि मग दहा-पंधरा पेशंटसमोर बसून विचारा, “या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला?” सरकारी ओपीडीत पहाटेपासून केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तुम्ही डॉक्टरांबद्दल विचाराल, तर ती म्हणेल, “चांगले आहेत हो डॉक्टर, देवमाणूस.” पुढच्या खेपेला याच डॉक्टरांकडे यायचंय, हे तिला माहीत असतं. सगळ्यांनीच पैकीच्या पैकी गुण दिले तर मोजपट्टी छताला टेकते आणि सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. मुलाखत ॲप्रन न घातलेल्या, दवाखान्याबाहेरच्या व्यक्तीनं घेणं हा त्यावरचा साधा उपाय.

भाषेचंही तेच. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात कालवतं’, ‘अंगात कणकण आहे’ यांतला फरक कळत नसेल, तर त्याचे कमी गुण समानुभूतीचे की मराठीचे? सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवायची तरतूद आहे ती उगाच नाही. तुमच्या विश्लेषणात विद्यार्थ्याची मातृभाषा हा रकाना हवाच.

आणि वॉर्डातला छुपा अभ्यासक्रम विसरू नका. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये हे मांडलं होतं: विद्यार्थी व्याख्यानातून जितकं शिकतो त्याहून जास्त सीनियर कसे वागतात ते बघून शिकतो. सकाळी संवादकौशल्याचं सत्र झालं, आणि दुपारी राउंडवर सीनियरनं पेशंटला ‘बेड नंबर चौदा’ म्हणून हाक मारली, तर विद्यार्थ्याच्या लक्षात दुपार राहते. सलग ड्युटी करून झोप नसलेल्या निवासी डॉक्टरला प्रश्नावली देऊन त्याचे गुण कमी आले, तर तुम्ही त्याचा स्वभाव मोजला की त्याचा थकवा? झोपेचे तास लिहून घ्यायला एक ओळ लागते. ती ओळ नसेल तर दोष विद्यार्थ्याच्या माथी बसतो आणि ड्युटीचं वेळापत्रक सुटून जातं.

सिनॉप्सिस जमा करण्याआधी

हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि गाइडकडे जायच्या आधी उत्तरं काढा.

१. ओळखणं, समजणं, पोचवणं यांपैकी मी नेमकं काय मोजतोय किंवा मोजतेय?
२. उत्तर कोण देणार: विद्यार्थी, निरीक्षक, पेशंट की दवाखान्याची नोंदवही? दोन मोजपट्ट्या लावणं जमेल का?
३. तुलनेसाठी दुसरा गट आहे का? सगळ्यांनाच शिकवायचं असेल तर निम्म्यांना तीन महिन्यांनी शिकवता येईल. तोवर तेच कंट्रोल ग्रुप होतील आणि एथिक्स कमिटीलाही समजावता येईल.
४. पुन्हा कधी मोजणार? कार्यशाळा संपल्यावर पाच मिनिटांनी, की वॉर्डात सहा महिने काढल्यावर?
५. किती फरक पडला तर तो पेशंटच्या दृष्टीनं खरा फरक मानायचा? हा आकडा माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा.

पाचव्या प्रश्नावर बहुतेक जण अडतात. अडलात तर लायब्ररीत बसून राहू नका. एक दिवस ओपीडीच्या बाकावर जाऊन बसा. आत जाऊन आलेल्या माणसाला एवढंच विचारा, “डॉक्टरांना सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं का?” पाच-सहा जणांची उत्तरं ऐकलीत की कोणता फरक मोजण्यासारखा आहे, हे ठरवायला सुरुवात करता येईल.